माळावरचा ‘नाही’

भाद्रपद सरत आला की सोलापुरातले पक्षीवेडे लोक पहाटेच नान्नजच्या माळाकडे निघतात. बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि तरवड पिवळाधमक फुललेला असतो. चंडोल गात गात सरळ वर चढतो. माळटिटवी आपल्यावर ओरडते. काळविटांचा कळप माना वर करून बघतो. याच सुमारास मध्य आशियाकडून भोवत्या यायला लागतो. हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो आणि रात्री झाडावर नव्हे, गवतातच जमिनीवर झोपतो. एवढं सगळं पाहून घरी आलं, की लोक एकच विचारतात, ‘माळढोक दिसला का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं.

आज मला या ‘नाही’बद्दल बोलायचंय. आपल्याकडे यावर फार बारकाईने विचार झालाय. ‘जमिनीवर घट नाही’ हे ज्ञान होतं कसं? नैयायिक म्हणाले, अभावसुद्धा डोळ्यांनाच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेने त्यासाठी वेगळं प्रमाण मानलं, अनुपलब्धी. पण कुठलीही अनुपलब्धी चालत नाही, बरं का. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता हे माळावर लावून बघा. माळढोक नर उभा राहिला तर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं मोठं पाखरू दिसणार नाही कसं? पण मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि अंगाच्या रंगाने गवतात मिसळून बसून राहते. पावसाळा आणि त्यानंतरचे हे दिवस तिच्या विणीचेच. म्हणजे नेमकं आपण जातो तेव्हा गवत उंच आणि पाखरू दबून बसलेलं. दोन तास जीपमधून फिरून आलेला ‘नाही’ हा अंधाऱ्या खोलीतलाच ‘नाही’ समजायचा.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. प्रागभाव म्हणजे वस्तू होण्याआधीचा अभाव. त्याला सुरुवात नसते, शेवट असतो. प्रध्वंसाभाव उलटा: त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. उजनीवर रोहित अजून आले नाहीत, हा जरा सैलपणे म्हटलं तर पहिल्या जातीचा ‘नाही’. थंडी पडली की संपेल. माळढोकाचा ‘नाही’ कुठल्या जातीचा? देशभरात आता दीडशेच्या आतच पक्षी उरलेत, बहुतेक राजस्थानात. तेव्हा नान्नजच्या नोंदवहीत ‘संपला’ असं लिहिण्याआधी पुरावा योग्यानुपलब्धीच्या तोडीचा हवा. तो शब्द एकदा लिहिला, की माळ कागदावर ‘पडीक’ होतो आणि पडीक जमिनीला गिऱ्हाइकं फार. काही भले लोक तर तिथे झाडं लावायला निघतात! झाडं वाढली की चंडोल आणि काळवीटही जातात.

१९७९ साली इथे अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. लोक वैतागले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं गेलं. तेवढं तरी अधिकरण राहिलं. अधिकरण म्हणजे ज्या जागी अभाव सांगायचा ती जागा. तीच गेली, तर ‘माळावर माळढोक नाही’ हे वाक्यसुद्धा बोलता येणार नाही.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा वहीत नुसतं ‘दिसला नाही’ लिहू नका. किती वाजता गेलात, एका जागी किती वेळ बसलात, गवत गुडघ्याएवढं होतं की कमरेएवढं, धुकं होतं का, आणि नराचा तो खोल घुमणारा हुंकार ऐकण्याइतके सगळे गप्प होते का, हेही लिहा.