आर्णीची पायवाट कोणाच्या वावरात गेली?

कास्तकार बंधूंनो, आर्णीच्या बाजारातून आपल्या गावी तुम्ही शेवटचे पायी कधी गेलात? ऑटो, मोटारसायकल, काळीपिवळी सोडून बोला. गेल्या महिन्यात एका गावच्या चावडीवर मी हा प्रश्न केला, तेव्हा तरुण पोरे हसली आणि म्हातारी माणसे गप्प झाली. त्यातले एक काका मग म्हणाले, "साहेब, मीटिंग कायले घेता? एक डाव चालून पाहा न जी. मंग समजते रस्ता हाये का नाही ते."

गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण तहसिलात आहे. एवढे सांगतो की डांबरी रस्त्याने ते आर्णीपासून अकरा किलोमीटर पडते आणि जुन्या पायवाटेने दोन कोस, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर. मी रोहिणी नक्षत्रातली एक सकाळ पकडली. सोबत पाण्याची बाटली, 33 फुटांची दोरी आणि गाव नकाशाची झेरॉक्स. काका आर्णीलाच मुक्कामी होते, ते बरोबर निघाले. पायात टायरच्या चपला, खांद्यावर दुपट्टा.

पहिला टप्पा हमरस्त्याच्या कडेने. नागपूर-यवतमाळहून आर्णीवरून उमरखेड-नांदेडकडे जाणारा हा रस्ता चौपदरी झाला, वाहनांची सोय झाली, हे खरे. पण पायी माणसाला त्याच्या कडेने चालणे म्हणजे जीव मुठीत धरणे. मागून ट्रक गेला की वाऱ्याने दुपट्टा उडतो. शाळेची पोरे याच कडेने चालतात, कारण आतली वाट बंद आहे. वाट अडवणाऱ्याने एकदा तरी सकाळी दहा वाजता येथे उभे राहून पाहावे.

हमरस्ता सोडून आत वळलो की पांधन लागते. दोन्हीकडे हिवर, बाभूळ, मधूनच निंब आणि बोरी. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, पण पांधनीची माती चाकांनी आणि खुरांनी दबून टणक झालेली. नकाशा उघडला. येथे एक गोष्ट समजून घ्या, फार उपयोगाची आहे. गाव नकाशात दोन तुटक रेषा शेजारी शेजारी काढलेल्या असतील तर तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे असे विचित्र का, असे तुम्ही म्हणाल. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तो आपला गुंठा. त्या साखळीचा अर्धा म्हणजे साडेसोळा, पाव म्हणजे सव्वाआठ. म्हणून घरची 33 फुटी दोरी दोनदा दुमडली की पायमार्गाची रुंदी हातात येते.

पांधनीत दोरी टाकली. तोंडाशी सतरा फूट भरली. दोनशे पावलांवर बारा. पुढे एका वावराजवळ नऊ, कारण धुऱ्यावरची झाडे तोडून वखर बाहेरपर्यंत आणलेला. त्याच्या समोरच्या वावरात मात्र जुना दगड जागच्या जागी होता. काका म्हणाले, "हे दोघं भाऊ हायेत. इंचभर सरकले नाहीत." अशी माणसे प्रत्येक गावात असतात, त्यांची बातमी होत नाही.

मध्ये तांडा लागला. तेथल्या बाया डोक्यावर मोळ्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन पूर्वी याच वाटेने आर्णीला येत. आता ऑटोचे पैसे देतात आणि भाजीत काय सुटते ते विचारू नका. तांड्यानंतर नाला. नाल्याच्या काठी बेशरम माजलेली, वाटेत गाजरगवत कमरेएवढे वाळून उभे. यावर माझा एक सल्ला: उन्हाळ्यात तरोट्याचे बी गोळा करून पावसाच्या तोंडी अशा जागी फेका. तरोटा गाजरगवताला दाबतो, आणि कोवळ्या तरोट्याची भाजी तर आपल्याकडे आवडीने खातात. गाजरगवत उपटायचे तर फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून. त्याने अंगाला खाज येते, दमाही उठतो.

नाला ओलांडला की नकाशातल्या दोन रेषांची एक होते. सव्वाआठ फुटांचा पायमार्ग सुरू. जागेवर मात्र दीड फूट, मग एक फूट, मग काहीच नाही. पुढे काटेरी तार.

काका तारेजवळ थांबले. गेल्या श्रावणातली गोष्ट त्यांनी तेथेच सांगितली. पलीकडच्या वावरात निंदणाला गेलेल्या एका मजूर बाईला साप चावला. डांबरी रस्ता वळसा घालून लांब, आणि वावरापासून तिथवर गुडघाभर चिखल. चौघांनी बाज उचलली आणि या वाटेने निघाले. तारेपाशी अडले. विळ्याने तार तुटेना, शेवटी खांबच उपटला. बाई दवाखान्यात पोहोचली, वाचली. दुसऱ्या दिवशी भांडण कशाचे झाले? तार तोडल्याचे.

मी तार लावणाऱ्या कास्तकारालाही भेटलो. एकतर्फी लिहिणे बरे नव्हे. त्याचे म्हणणे असे की रानडुकरे पीक ठेवत नाहीत, तार लावली नाही तर हाती काही येत नाही. हे खोटे नाही, डुकरांचा त्रास मी रोज ऐकतो. पण वाटेच्या जागी फाटक ठेवता येते. आणि तारेत थेट लाइनचा करंट सोडण्याचा विचार कोणी करत असेल तर तो आजच सोडा. विदर्भात अशा तारांना चिकटून माणसे मेली आहेत, त्यात तार लावणारे घरचे लोकही आहेत. तो गुन्हाच आहे.

आता हिशेब. त्या तारेच्या आत पाच फूट रुंद आणि चारशे फूट लांब वाट गेली. दोन हजार चौरस फूट, म्हणजे दोन गुंठेसुद्धा पुरे नाहीत. एकरी आठ क्विंटल कापूस धरला तर त्या पट्टीतून निघतो पस्तीस-सदतीस किलो. तेवढ्यासाठी पलीकडच्या सात कास्तकारांचा कापूस डोक्यावरून निघतो, मजूर तिकडे यायला जास्त पैसे मागतात, आणि दोन घरांचे बोलणे बंद. हा आकडा मी त्याच्यापुढे मांडला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तेही वखरतेत न साहेब तिकून." तेही खरे. पलीकडच्यानेही दोन फूट घेतले आहेत. दोरीने दोघांचेही दाखवले.

आणखी एक गोष्ट वाटेवर चालतानाच कळते. ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी डोक्याएवढी होते. फूटभर वाट दोन्हीकडच्या झाडांनी झाकते आणि फवारणी चालू असेल तर चालणाऱ्याच्या अंगावर, तोंडावर औषध येते. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते विसरण्याजोगे नाही. माणसे गेली, कितीतरी दवाखान्यात पडली. उंच, दाट पऱ्हाटीत फवारणे हेही त्याचे एक कारण होते. म्हणून फवारणाऱ्याने वाटेच्या कडेची तासे वारा पडल्यावर, सकाळी घ्यावी, आणि वाटेच्या तोंडाशी लाल चिंधी बांधावी. पोरांना ती खूण शिकवा.

आता कागदाचे. बरेच जण येथे चुकतात आणि दोन वर्षे घालवतात. असलेली, वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली जा. त्याला मुदत आहे, अडवल्यापासून सहा महिने. तार दिवाळीत लागली तर "पाहू पेरणी झाल्यावर" म्हणू नका, मुदत संपलेली असेल. वाटच नसेल आणि बांधावरून हवी असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143. त्या अर्जाला कच्चा नकाशा, आपला आणि लगतच्यांचा सातबारा जोडा. शिवाय आपल्या विदर्भासाठी संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची सोय आहे. गावाच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असतात. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावचे ते कागद कधी उघडले आहेत का? तलाठ्यांकडे, नवीन नाव काहीही असो, एकदा मागून पाहावे.

पांधन बांधायची तर 2021 च्या नोव्हेंबरात रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली होती. 2025 च्या मे महिन्यात शेतरस्ता तीन ते चार मीटर ठेवावा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असा शासन निर्णय झाला. पण मुरूम टाकण्याआधी बाजूचे चर काढा. आमच्या काळ्या मातीत चर नसला तर मुरूम एका पावसाळ्यात खाली जातो, आणि कास्तकार वावरातले पाणी पांधनीत सोडतात ते वेगळेच.

गावात पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. सहा किलोमीटरला साडेतीन तास लागले, दोरी टाकत आलो म्हणून. काकांच्या घरी चहा झाला. तारवाला कास्तकारही आला, दारातच उभा राहिला. काका म्हणाले, "ये न बाप्पा, बस." तो बसला.

मृग लागायच्या आत जागेवर पंचनामा ठरला आहे. दोन्ही बाजूंनी आपापली दोरी आणायची आहे, 33 फुटांची, पाण्यात भिजवून ताणलेली. कोरडी सुतळी आणू नका, ती मोजताना ताणते आणि पुन्हा तेच भांडण.