डोळा नव्हे, काच चुकते

बाळाचा पहिला वाढदिवस. आजीच्या मांडीवर बसलेल्या बाळाचे पाच-सहा फोटो काकांनी मोठ्या हौसेने काढले. संगणकावर मोठे करून पाहिले, तर आजीच्या साडीचा काठ अगदी रेखीव उतरलेला आणि बाळाचे डोळे मात्र पुसट! काका म्हणाले, "मला तर डोळेच स्पष्ट दिसत होते." घरच्यांनी लगेच निदान केले, काकांच्या चष्म्याचा नंबर वाढला.

काका खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. विशेषतः डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यावर त्यांनी घरातली जुनी, हाताने फिरवून फोकस करायची लेन्स लावली असेल तर. अशा वेळी दोष डोळ्यांचा नसून कॅमेऱ्याच्या आतल्या एका काचेचा असू शकतो. ही काच अनेक कॅमेऱ्यांत बदलता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

पाहायचे एकीकडे, उमटायचे दुसरीकडे

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आधी ४५ अंशांत कललेल्या आरशावर पडतो. तिथून तो वर वळतो आणि एका दुधी काचेवर चित्र उमटवतो. हीच फोकसिंग स्क्रीन. हल्ली ती काचेची नसून बहुधा प्लास्टिकची असते. तिच्यावरचे चित्र प्रिझममधून सुलटे होऊन आपल्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर जातो.

थोडक्यात, डोळा पाहतो ते चित्र एका जागी असते आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. लेन्सपासून दोन्ही जागांचे अंतर तंतोतंत सारखे असेल तरच दिसले तसे उमटेल. किती तंतोतंत? लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ १.४ इतके उघडे असेल तर ०.०४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. डोक्यावरचा केसही साधारणपणे याहून जाड असतो.

उजेड वाढला, नेमकेपणा गेला

१९५९ साली आलेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यात स्क्रीन बदलण्याची सोय होती. ज्याला जसे काम, तशी त्याची स्क्रीन. पुढे १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम२ लाही के२, बी२ आणि ई२ अशा तीन स्क्रीन मिळत. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कित्येक फोटोग्राफरांचा हात याच कॅमेऱ्यावर बसला.

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा आला आणि चित्र पालटले. अशा कॅमेऱ्यात आरशावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग खालच्या फोकस यंत्रणेला द्यावा लागतो. त्यातच सोबत मिळणाऱ्या झूम लेन्स कमी उजेडाच्या. व्ह्यूफाइंडर अंधारा होऊ नये म्हणून स्क्रीनवर अतिसूक्ष्म भिंगांची जाळी घालून ती उजळ करण्यात आली. दिसायला छानच! पण या उजळपणाची किंमत मोजावी लागली. लेन्स एफ १.४ वर उघडी असली तरी अशी स्क्रीन साधारण एफ २.८ ला दिसावे तितकेच धूसरपण दाखवते.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.४, समोरचा माणूस २ मीटरवर आणि सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा. फोटोत स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १३ सेंटिमीटरचा असतो. स्क्रीनवर मात्र तोच जवळजवळ २७ सेंटिमीटरचा भासतो. काकांना बाळाचे डोळे आणि आजीचा काठ दोन्ही स्पष्ट दिसले, ते असे.

आधी बिनखर्चाचा उपाय

स्क्रीन बदलण्याच्या खटपटीत पडण्यापूर्वी व्ह्यूफाइंडरच्या बाजूची छोटी चकती फिरवून पाहा. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच. ही चकती डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवण्यासाठी असते. ती फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघायचे नाही. लेन्स मुद्दाम फोकसबाहेर न्यायची आणि स्क्रीनवरच्या बारीक खुणा रेखीव दिसेपर्यंत चकती फिरवायची. घरात एकाच कॅमेऱ्यावर तिघांचे हात पडत असतील, तर ही चकती नेहमी हललेलीच सापडते.

यानेही भागले नाही, तर मग स्क्रीनचा विचार करा.

कोणती स्क्रीन घ्यावी?

जुन्या लोकांची आवडती म्हणजे मधोमध दुभंगलेल्या वर्तुळाची. त्या वर्तुळात उलटसुलट उताराचे दोन छोटे प्रिझम असतात. फोकस चुकला की चित्राचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात, जुळला की अखंड होतात. दाराची चौकट, देवळाचा खांब, चष्म्याची दांडी अशी सरळ रेषा समोर असेल तर हिच्यासारखी सोय नाही. मात्र बाळाच्या गुबगुबीत गालावर रेषा कुठून आणायची? तिथे वर्तुळाभोवतीचे सूक्ष्म प्रिझमचे कडे कामी येते. फोकस नसताना त्यातले चित्र थरथरल्यासारखे दिसते, जुळताच शांत होते.

दुभंगलेल्या वर्तुळाची एक खोड आहे. एफ ५.६ किंवा त्याहून कमी उजेडाची लेन्स लावली की त्यातला अर्धा भाग काळा पडतो. म्हणून केवळ झूम लेन्स वापरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार साध्या पण बारीक पोताच्या स्क्रीनचा. कॅननने २००५ च्या ईओएस ५डी साठी 'ईई-एस' आणि २००८ च्या ५डी मार्क २ साठी 'ईजी-एस' अशा स्क्रीन काढल्या होत्या. त्या एफ २.८ किंवा त्याहून उघड्या लेन्ससाठीच आहेत. व्ह्यूफाइंडर थोडा अंधारतो, पण धूसर ते धूसर आणि स्पष्ट ते स्पष्ट दिसते.

झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी ५८ मिलिमीटर, एफ २ ची हेलिऑस लेन्स कित्येक घरांच्या कपाटात पडून असेल. साध्या अडॅप्टरने ती कॅननच्या या कॅमेऱ्यांवर बसते. अशा लेन्सचे खरे रूप बारीक पोताच्या स्क्रीनवरच कळते. फोकस करताना तिचे अ‍ॅपर्चर हाताने पूर्ण उघडावे लागते, एवढे ध्यानात ठेवा.

बदलताना

सगळ्याच कॅमेऱ्यांत हे घरी करता येत नाही. पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्यात स्क्रीन पक्की बसवलेली असते, ते काम कारागिराचेच. जिथे सोय आहे तिथे लेन्स काढून, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून, चिमट्याने छोटी कडी सोडवायची. चौकट खाली येते. स्क्रीन तिच्या कडेच्या कानालाच धरून बाहेर काढायची. कोणती बाजू खाली होती हे काढतानाच बघून ठेवा. उलटी बसली तर फोकसचा सारा हिशेब चुकतो. स्क्रीनला आणि आरशाला बोट लावू नका, कापडाने पुसू नका, स्पिरिट तर मुळीच नको. धूळ हातपंपाच्या फुंकरीनेच उडवायची. फुंकरीने न गेलेला धुळीचा कण फोटोत येत नाही. त्याच्यामागे लागून ओरखडा मात्र कायमचा पडतो.

आता खरी परीक्षा. वर्तमानपत्र भिंतीवर सपाट लावण्याऐवजी टेबलावर तिरपे ठेवा, कॅमेरा तिकाटण्यावर बसवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मधल्या एका ओळीवर फोकस करा. फोटोत त्याच्या मागची ओळ स्पष्ट आली, तर स्क्रीन आरशापासून जास्त दूर आहे. अलीकडची ओळ आली, तर ती जास्त जवळ आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्क्रीनच्या वर कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात. पहिल्या दोषाला पट्टी वाढवायची, दुसऱ्याला कमी करायची. हात थरथरत असतील तर हे काम कारागिराकडे द्या. मुंबईत फोर्टातला बोरा बझार आणि दिल्लीत चांदणी चौकातले कुचा चौधरी कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. जाताना वर्तमानपत्राचा तो फोटो बरोबर न्या, म्हणजे तोंडी समजावत बसावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. कित्येक कॅमेरे स्क्रीनवरून आलेला उजेड मोजूनच प्रकाशाचे माप ठरवतात. काच बदलली की फोटो जास्त उजळ किंवा काळपट येऊ शकतो. कॅननच्या वरील कॅमेऱ्यांत कोणती स्क्रीन बसवली आहे ते मेनूत सांगायची सोय आहे. इतरत्र दोन-चार फोटो काढून फरक पाहावा आणि तेवढी भरपाई करावी.

आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा प्रश्न उरत नाही. तिथे सेन्सरवरचेच चित्र डोळ्याला दिसते. नवा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर स्क्रीनवर पैसे घालवण्याचे कारण नाही. पण चालता-बोलता एसएलआर घरात आहे आणि वडिलांची लेन्सही आहे, अशांना ही छोटी काच परवडण्यासारखी आहे.

काढलेली मूळ स्क्रीन मात्र फेकू नका. ती स्वच्छ डबीत, पावसाळ्यात बुरशी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा. सहलीला झूम लेन्स नेताना तीच पुन्हा बसवावी लागेल.