दाणा भरण्याआधीचं कणीस

बेबी कॉर्न ही मक्याची बुटकी जात आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते साध्या मक्याचंच परागीकरण न झालेलं कोवळं कणीस असतं.

मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्यावरचा तुरा नर, तर पानाच्या बेचक्यातलं कणीस मादी. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आत एकेका बीजांडाला जोडलेला असतो. त्यावर वाऱ्याने आलेला परागकण पडला, की त्यातून निघालेली नलिका केसातून खाली उतरते आणि दाणा धरतो. म्हणून नेहमीच्या कणसात जिथे दाणा नाही, तिथल्या केसापर्यंत बहुधा पराग पोचला नाही, असं समजावं.

बेबी कॉर्नमध्ये नेमकं हे परागीकरणच टाळायचं असतं. तुरा दिसताच, पराग झडण्यापूर्वी, तो उपटून काढतात. पानं मात्र तोडत नाहीत. केस दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आले, की एक ते तीन दिवसांत तोडणी करावी लागते. उशीर झाला, तर कणसाचा आतला दांडा, म्हणजे बुरकुंडा, लाकडासारखा होतो. वरचं कणीस काढलं, की अन्न खालच्या कणसांकडे वळतं. त्यामुळे एका झाडाला दोन-तीन कणसं मिळतात.

साधारण ५० ते ६० दिवसांत तोडणी सुरू होते. उपटलेले तुरे, सोललेला पाला आणि हिरवी ताटं जनावरांना चारा म्हणून घालता येतात. ज्यांच्या गोठ्यात दुभती जनावरं आहेत, त्यांना हे पीक दुहेरी परवडतं.