चामड्याची सायकल सीट : तालुक्याच्या दुकानातली एक नवी सर्व्हिस

पंक्चर आणि सर्व्हिसिंगशिवाय सायकल दुकानात काय करता येईल, या व्हिडिओत मी चामड्याच्या सीटचा उल्लेख केला होता. दोन मिनिटांत ते मावण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

लांब पल्ल्याचे बरेच सायकलवाले फोम सोडून चामड्याच्या सीटवर येतात. 1866 मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीची बी-17 ही यातली सगळ्यात ओळखीची. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ बसायचं तर सीट आपल्या हाडांच्या मापाची लागते. चामडं काही शे किलोमीटरनंतर तो आकार घेतं. म्हणजे गिऱ्हाईक तुमच्याकडे नुसती महागडी वस्तू देत नाही, स्वतःचं माप देतो. सीट बिघडवली तर नवी आणून दिली तरी भरपाई होत नाही. म्हणून हे काम शिकल्याशिवाय घेऊ नका.

रचना आपल्या बाजेसारखी आहे. पुढचं टोक आणि मागची पट्टी यांत चामडं ताणून रिबिटांनी ठोकलेलं, खाली पोकळ. झोळ पडला की टोकाखालचा बोल्ट त्याच्याच पान्याने थोडा फिरवायचा. पाव फेरा, बस्स. मग गिऱ्हाईकाला चालवून बघू द्या. जास्त ताणलं तर चामडं रिबिटापाशी फाटतं. झोळ नसेल तर पाना उचलूच नका. किती फिरवलं ते तारखेसह वहीत लिहा, पुढच्या वेळी अंदाज लागतो.

आता तेल. गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, कडक आहे, खोबरेल चोळून द्या ना." सरळ नाही म्हणा. पातळ तेल आत मुरतं, चामडं लिबलिबीत होतं, आणि मग झोळ थांबत नाही. चरबी आणि मेणाचं मलम मिळतं, ब्रूक्सचं प्रूफाइड त्यातलंच. वरून पातळ हात, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी कोरड्या कापडाने घासायचं. वापराप्रमाणे तीन-सहा महिन्यांतून एकदा पुरे. डबी छोटी असली तरी भरपूर पुरते.

पाऊस हा खरा शत्रू. ओल्या सीटवर बसलं की ती कायमची ताणली जाते. वरून कव्हर सगळेच घालतात, पण मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं त्याचं काय? खालची बाजू उघडीच असते. इथे मडगार्ड विका, हे विकणं गिऱ्हाईकाच्याही फायद्याचं आहे. भिजलेली सीट आली तर पुसून हवेशीर सावलीत ठेवा. भिवापुरात आपण मिरची उन्हात वाळवतो, सीट मात्र चुकूनही नाही. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ती तडकेल. हेअर ड्रायरही नको. पूर्ण वाळली की मग मलम. कव्हर कोरड्या दिवशी काढून ठेवायला सांगा, नाहीतर आत बुरशी धरते.

मजुरी मलमावर लावू नका, वेळेवर लावा. सीट रात्रभर तुमच्याकडे राहणार, म्हणून एक साधी सीट बदली द्यायला ठेवा. आणि काढण्याआधी सीटच्या दांडीवर चिकटपट्टीने उंचीची खूण करा, सीटचा उतार बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना अर्धा सेंटीमीटर जरी फरक पडला, तरी दीडशे किलोमीटरनंतर त्याच्या गुडघ्याला ते कळतं, आणि फोन तुम्हालाच येतो.