रजा : हक्काची आणि हिशेबाची

कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी अनेक वर्षे काम केले. एका वर्षी मला कावीळ झाली. अडीच महिने घरीच गेले. त्यात पेरणी आणि सुगीचे खाडे. वर्षअखेरीस हजेरी भरली २२८ दिवस. पुढच्या वर्षी आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरपगारी रजा मागितली, तेव्हा हजेरी कारकून म्हणाले, "तुमचे बारा दिवस कमी पडतात, रजा एकही नाही." त्या आठवड्याचा पगार गेला तो गेलाच.

कारकुनांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वर्षाकाठी २४० दिवस भरल्याशिवाय भरपगारी रजा मिळत नसे. भरले, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांना एक रजा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची नवी श्रमसंहिता लागू झाली. तिच्यात २४० ची अट १८० वर आली आहे. दर २० दिवसांना एक हे प्रमाण मात्र तेच राहिले. म्हणजे माझ्या त्या २२८ दिवसांना आज ११ दिवसांची रजा मिळाली असती. शेती सांभाळून कारखान्यात येणाऱ्या आपल्या भागातल्या कामगाराला हा फरक मोठा आहे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रजेच्या मध्ये येणारी साप्ताहिक सुट्टी रजेत धरायची नसते. न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते, किंवा वर्षअखेरीस मागणी करून तिचे पैसे घेता येतात. रजा मागूनही ती नाकारली गेली असेल, तर तेवढी रजा ३० च्या मर्यादेबाहेरही पुढे जाते. नोकरी सोडली, तरी शिल्लक रजेचा पगार बुडत नाही.

पण मागितली होती, हे दाखवायचे कसे? आमच्यातले बरेचजण मुकादमाला तोंडी सांगून मोकळे होतात. तसे करू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि आपली हजेरी घरच्या कॅलेंडरवर रोज मांडत जा. वर्षअखेरीस कारकुनाच्या वहीशी ती ताडून पाहा. रजा ही कुणाची मेहेरबानी नाही, ती घाम गाळून साठवलेली आपली कमाई आहे.