पुरलेलं वर आलं
कपाटातला इतिहास : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण बीव्हरच्या टोपीपाशी थांबलो होतो. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी त्या प्राण्याच्या कातड्यांवर गबर झाली, तेव्हा टोपी घालणाऱ्याला कुणी जाब विचारत नव्हतं. आजचा लेख जाब विचारला जाऊ लागल्यानंतरचा.

फरसाठी पाळला जाणारा मिंक हा मुंगसाच्या बांध्याचा, पण पाणमांजराच्या कुळातला प्राणी. रानात तो पाण्याकाठी एकटा राहतो. फार्मवर तारेच्या पिंजऱ्यात. नोव्हेंबरात हिवाळी केस पुरते भरले की त्याला वायूने मारतात. एका लांब कोटाला पन्नासेक मिंक लागतात. कोपनहेगनच्या लिलावगृहात खरेदीदार कातडीवर हलकी फुंकर मारायचा. वरचे लांब केस दुभंगले की खालची लव किती दाट, ते दिसायचं. मग बोली.

या धंद्याला पहिला मोठा धक्का बसला तो एका पोस्टरने. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या एका फरविरोधी मोहिमेसाठी डेव्हिड बेलीने फोटो काढला : उंच टाचांचे बूट घातलेली बाई फरचा कोट फरफटत नेते आहे आणि मागे रक्ताचा पट्टा उमटतो आहे. खुबी अशी, की पोस्टरने फार्मवाल्याला हातच लावला नाही. कोट घालणारीलाच लाजवलं. मिरवायची वस्तू लपवायची झाली.

पण लाज काही सगळीकडे सारखी पोचत नाही. नव्वदच्या दशकात ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेसाठी नामवंत मॉडेल्सनी फरऐवजी नग्न राहणं पत्करलं, त्यांतलीच नाओमी कॅम्पबेल १९९७ मध्ये मिलानमध्ये फर घालून रॅम्पवर आली. पुढे चीनमधल्या नवश्रीमंतांनी बाजार उचलून धरला आणि २०१३ च्या सुमारास डॅनिश लिलावात मिंकचे भाव शिखराला पोचले. नंतर ते घसरले. २०१७ मध्ये गुचीने फर सोडल्याचं जाहीर केलं, पाठोपाठ प्राडानेही.

२०२० च्या सुरुवातीला ‘पेटा’ने आपली ती जुनी मोहीम आटोपती घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेन्मार्कच्या मिंक फार्मांवर करोना विषाणूचं बदललेलं रूप सापडल्याचं जाहीर झालं. पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी देशातले सगळे, म्हणजे दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा हुकूम दिला. निरोगी कळप मारण्याचा कायदेशीर अधिकारच सरकारकडे नव्हता, हे नंतर उघड झालं; कृषिमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. घाईघाईत उथळ खड्ड्यांत पुरलेली प्रेतं कुजली, आत वायू साठला आणि ती माती सारून वर आली. पुढल्या वर्षी ती उकरून जाळावी लागली.

या उद्योगाला चार दशकं जे झाकून ठेवायचं होतं, ते असं जगाच्या टीव्हीवर आलं. तरी धंदा विषाणूनेच बुडवला, असं म्हणणं अर्धवट ठरेल. २०२३ मध्ये डेन्मार्कने या कत्तलीनंतर मिंकपालनावर घातलेली बंदी उठवली, पण परतले मोजकेच. बाकीच्यांनी भरपाई घेऊन पिंजरे मोडीत काढले. भाव पडलेला, मोठी फॅशनघरं दुरावलेली. नव्याने कर्ज काढून मिंक पाळायचे कुणासाठी? विषाणूने फार्म रिकामे केले. ते रिकामेच राहिले, त्यात त्या पोस्टरचाही वाटा आहे.

मात्र लाजेचा हा फटका कधी भलत्यालाच बसतो. सीलच्या पिल्लांसाठी युरोप हळहळला आणि आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची चूल विझत आली. ती गोष्ट पुढच्या लेखात.