पत्र्याच्या पेटीची चौथी बाजू

शेव-नमकीनसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंदूरला पत्र्याच्या कामाची वानवा नाही. मिठाईचे ट्रे, दुकानांचे काउंटर, विजेच्या पेट्या हे सारे पत्रा वाकवूनच घडते. इंडो-जर्मन टूल रूम असलेल्या सांवेर रोड औद्योगिक वसाहतीत असो वा गोव्यातील कुंडई, वेर्णा येथे, कर्ज काढून लहान कारखाना उभारणाऱ्याला पत्रा वाकवण्याचे यंत्र वारंवार बदलता येत नाही. त्यामुळे निवड चुकली, तर हप्ते भरावे लागतात आणि कामही परत जाते.

साध्या यंत्राचा वरचा जबडा सलग असतो. ट्रेच्या समोरासमोरच्या दोन बाजू त्यावर सहज दुमडतात. उरलेल्या दोन दुमडताना आधी उभ्या झालेल्या बाजू जबड्याला अडतात. ‘बॉक्स अँड पॅन ब्रेक’मध्ये हा जबडा सुट्या बोटांचा असतो. १००, १०० व ७५ मिमीची बोटे शेजारी बसवली, की आतून २८० मिमी रुंद असलेल्या ट्रेची चौथी बाजूही दुमडता येते. म्हणून यंत्राच्या लांबीआधी बोटांच्या रुंदी विचाराव्यात, आणि त्यांची उंचीही. १०० मिमी उंचीच्या बोटांवर १२० मिमी खोल पेटी सहसा होत नाही, कारण तिच्या बाजू वरच्या तुळईला भिडतात. विक्रेते मात्र लांबीच आधी सांगतात!

खरी फसगत जाडीत होते. पत्रकावरील क्षमता बहुधा साध्या पोलादाची असते. स्टेनलेस स्टीलला सुमारे दीडपट जोर लागतो, आणि जाडी दुप्पट झाली की जोर जवळपास चौपट होतो. त्यामुळे १.६ मिमीच्या यंत्रावर स्टेनलेस १.२ मिमीच्या आसपासच धरावे. खाऱ्या हवेमुळे स्टेनलेसची मागणी असलेल्या गोव्यात हा फरक अधिक जाणवतो. ॲल्युमिनियमला जोर कमी लागतो. पण त्याचे काही कठीण प्रकार तीक्ष्ण घडीवर तडकतात. त्यांच्यासाठी गोलसर कडेची बोटे हवीत.

रोज शेकडो एकसारख्या पेट्या काढायच्या असतील, तर प्रेस ब्रेकच बरा.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच कामाचा पत्रा सोबत न्यावा. यंत्राच्या पूर्ण लांबीची पट्टी ९० अंशांत वाकवून दोन्ही टोकांना व मध्ये गुण्या लावावा. मध्ये कोन उघडा राहिला, तर तुळई दबते आहे. काही यंत्रांत ताणदांड्याने ती सावरता येते. तशी सोय नसेल, तर त्या जाडीसाठी ते यंत्र घेऊ नये.